गुडघ्यांचा व्यायाम

हे मी नितीनलाही सांगितलेलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या रागापासून घोरण्यापर्यंत सगळं त्याला पाठ आहे — पण हे नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीचं माणूस समोर असलं की माझ्या तोंडून आपोआप बरं दिसेल तेच निघतं. ही माझी जुनी खोड. आणि सांगायचंय ते या खोडीबद्दलच आहे.

थांबा, असं नको. असं सुरू केलं तर मी पुन्हा स्वतःबद्दलच बोलत बसेन. आईपासून सुरू करते.

आई नगरची. मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, तिला अख्खी आळी 'सिस्टर' म्हणायची. आम्ही ख्रिस्ती, माझ्या पणजोबांच्या वेळेपासून. रोज पहाटे ड्यूटीला निघण्याआधी आणि संध्याकाळी दिवे लागले की आई पलंगाशी गुडघे टेकायची. कोपरं गादीवर, बोटं एकमेकांत गुंतलेली, डोळे मिटलेले. ओठ तेवढे हलायचे. मी लहानपणी तिच्या पाठीवर चढून बसायचे, तरी ती हलायची नाही. आमेन म्हणून झालं की मग माझ्या पाठीत एक धपाटा मिळायचा.

शाळेत एकदा बाईंनी वाक्प्रचार घातले होते. 'गुडघे टेकणे' — वाक्यात उपयोग करा. मी लिहिलं, 'माझी आई रोज पहाटे गुडघे टेकते.' बाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि वर्ग फिदीफिदी हसला. गुडघे टेकणे म्हणजे हार मानणे, एवढंही ठाऊक नाही? मी रडत घरी आले. मला वाटलं, आई शाळेत जाऊन बाईंशी भांडेल. पण ती हसायलाच लागली. म्हणाली, "बाई बरोबर आहेत की गं. हारच मानते मी. सकाळी एकदा देवापुढे मानून टाकली की दिवसभर दुसऱ्या कुणापुढे मानावी लागत नाही."

ते मला तेव्हा फार आवडलं होतं. आजही आवडतं. आवडून काय उपयोग?

पुढे मोठी झाल्यावर मी वादही घालायला लागले. बसून प्रार्थना केली तर देवाला ऐकू येत नाही का? आई म्हणायची, त्याला येतं गं, मला येत नाही. उभा माणूस कुठेही पळू शकतो, बसलेलाही चटकन उठतो, पण गुडघ्यावर असलेल्या माणसाला पळता येत नाही — म्हणून टेकायचे. मी पळणार नाही, तू बोल, असं सांगायचं असतं ते. आणि मागितलेलं मिळावं म्हणून तर मुळीच टेकायचे नाहीत. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनं स्वतः टेकले होते, त्याचा तरी दुःखाचा प्याला कुठे टळला? दवाखान्यात तिनं इतकी माणसं जाताना पाहिली होती की असलं काही ती अगदी साधेपणानं बोलून जायची आणि लगेच भाजी निवडायला घ्यायची.

पळता येत नाही. मला मात्र आलं. तेच सांगतेय.

नितीन पुण्याचा, माझ्या कॉलेजातला. आमचं लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. दोन्ही घरं थोडी रुसली आणि मग मऊ झाली. दोन हजार तीनच्या सुमारास आम्ही सिंगापूरला आलो. तो रोज सकाळी कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात जायचा, मी एका फायनान्स कंपनीत अकाउंट्सला लागले. पासिर रिसला भाड्याचा फ्लॅट घेतला. शनिवार-रविवारी मराठी मंडळी जमायची — कुणी बँकेतलं, कुणी आयटीतलं, बहुतेक सगळी पुण्या-मुंबईची. परक्या देशात आपली भाषा बोलणारी माणसं मिळाली की जीव कसा सुखावतो! मीही सुखावले. आणि एक गोष्ट सांगायची राहून गेली.

राहून गेली म्हणते बघा. अजूनही असंच म्हणते.

माझं नाव करुणा, माहेरचं आडनाव कुणाचंही असू शकेल असं. कुणी विचारलंच नाही आणि मी सांगितलं नाही. आमच्या नगरकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात — 'देवळात गेले होते', 'देवळाची घंटा झाली'. तर कुणी आईबद्दल विचारलं की मी म्हणायचे, "आई ना, रविवारी देवळात असते." ऐकणारे त्यांच्या मनातलं देऊळ डोळ्यांपुढे आणायचे. मी खोटं बोलले का? शब्द न् शब्द खरा होता. खोटं बोलायला मला कधी खोटा शब्द लागला नाही, ही माझी हुशारी.

नितीन म्हणायचा, "सांगून टाक ना. कोण काय म्हणणार आहे?" त्याला काय कळणार? पुण्याच्या हॉस्टेलवर माझ्यामागे कुणी 'बाटगे' म्हटलेलं त्यानं नव्हतं ऐकलं. ख्रिश्चन म्हटलं की लोक मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत आधीच तयार असतो — म्हणजे आधीचे कोण? तो प्रश्न मला नको होता. पण हे कारण म्हणून सांगत नाही. सिंगापूरमध्ये मला तो प्रश्न कुणीही विचारला नव्हता.

ईशानच्या जन्माच्या वेळी आई आली. बाळंतपणाला लेकीकडे यायचं म्हणून विमानात पहिल्यांदा बसली. बॅगेत डिंक, खारीक, बाळंतकाढा, बाळाची दुपटी आणि तिचं झिजलेलं बायबल. मी तिला विमानतळावरून घरी आणतानाच टॅक्सीत एक शिकवणी दिली. आमच्याकडे कुणी आलं की 'सलाम' म्हणायचं नाही, 'नमस्कार' म्हणायचं. नगरला आम्ही ख्रिस्ती एकमेकांना सलाम करतो, तिच्या जिभेला ती सवय होती. ती म्हणाली, "बरं." एवढंच. खिडकीबाहेर समुद्र दिसत होता तिकडे बघत राहिली.

आता मेधावहिनी. नितीनच्या मित्राची बायको, मरीन परेडला राहायची. तिच्याबद्दल वाईट बोलायची माझी टाप नाही. मला डोहाळे लागले तेव्हा पिठलं-भाकरी घेऊन आधी बस, मग मेट्रो असं करत एवढ्या लांब यायची. हॉस्पिटलात माझे केस विंचरले तिनं. मंडळातल्या हळदीकुंकवाला मला हाताला धरून न्यायची आणि मी जायचे, वाण घ्यायचे, हसायचे. सख्ख्या जावेनं केलं नसतं इतकं तिनं माझं केलं. आणि मी सगळ्यात जास्त भीत होते ती तिलाच. माया करणारं माणूस हातचं जाईल ही भीती फार वाईट असते हो.

एका रविवारी संध्याकाळी ती आणि आणखी दोघी-तिघी बाळाला बघायला येणार होत्या. मी आईला म्हटलं, आज तुझं जरा लवकर उरकून घे ना. ती हसली. "मी काय धुणं उरकतेय?" मी घाईनं विषय बदलला. बायका आल्या, हॉलमध्ये चहा झाला, गप्पा रंगल्या. दिवे लागले तशी आई हळूच उठून आतल्या खोलीत गेली. मला दिसलं. बायकांना इकडे गुंतवून ठेवू, असा मी हिशेब केला.

तेवढ्यात ईशान आत रडला आणि मेधावहिनी माझ्याआधी उठली. मी मागोमाग धावले. दार उघडंच होतं. आई पलंगाशी गुडघ्यावर होती, पाळण्याच्या अगदी जवळ, एक हात पाळण्याच्या काठावर. ईशान रडतोय तरी डोळे मिटलेले. मेधावहिनी दारातच थबकली.

"अगंबाई! काकूंना बरं नाही का?"

किती सोपं होतं! प्रार्थना करतेय, एवढंच म्हणायचं होतं. तिच्या घरीही देव होते, तीही रोज देवापुढे डोकं टेकवायची. तिला न कळण्यासारखं त्यात काय होतं? आणि मी म्हटलं — मी हसत हसत म्हटलं —

"नाही हो वहिनी, गुडघ्यांचा व्यायाम आहे. डॉक्टरांनी सांगितलाय."

आईनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा पेशंट काय लपवतोय हे नर्सला कळतं तसं पाहिलं. मग पलंगाला धरून उठली आणि मेधावहिनीला म्हणाली, "हो. व्यायाम."

आमेन न म्हणता उठताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आयुष्यभर कुणाला 'दुखणार नाही' असं खोटं सांगून इंजेक्शनसुद्धा न दिलेली बाई! प्रभूच्या अटकेच्या रात्री त्याच्याच शिष्यानं, पेत्रानं, कोंबडा आरवायच्या आत तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून त्याला नाकारलं, ती गोष्ट तिनंच मला मांडीवर घेऊन सांगितली होती. आणि मी माझ्या आईला पेत्र करून टाकलं, तेही चहाच्या वेळी, बायकांच्या घोळक्यात. कोंबडा आरवायला तिथे कोंबडाही नव्हता.

पुढचा भाग हसण्यासारखा आहे, हसा हवं तर. मेधावहिनीचेही गुडघे धरायचे. पुढच्या वेळी ती गुडघ्यांना चोळायचं तेल घेऊन आली आणि म्हणाली, काकू, तो व्यायाम मलाही दाखवा ना. आईनं तिला सोफ्यावर झोपवलं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि दवाखान्यात शिकवतात तो खरा व्यायाम शिकवला. दहा मोजायला लावले. माझ्याकडे मात्र एकदाही पाहिलं नाही.

त्या दिवसापासून आई खोलीत टेकेनाशी झाली. चार-दोन दिवसांत लक्षात आलं की पहाटे आणि दिवेलागणीला ती बाथरूममध्ये जाते आणि नळ बारीक सोडून ठेवते. बाहेर आली की साडीवर गुडघ्यांपाशी ओले गोल असायचे. दोन गोल. मी ते बघायचे आणि चहा गाळायचे. काय म्हणायला हवं होतं मी? आई, खोलीत टेक, माझं चुकलं — यातला कुठला शब्द अवघड आहे, सांगा मला.

मी काय केलं माहितीये? खालच्या दुकानातून एक जाड रबरी मॅट आणली. बाथरूममध्ये अंथरली. आईला म्हटलं, फरशी फार थंड असते ना, म्हणून. तिला कळलं. मला माहीत आहे हे तिला कळलं. ती म्हणाली, "चांगली आहे गं, मऊ आहे." मला हायसं वाटलं. आईला तिथून बाहेर काढायचं सोडून मी तिची तिथेच सोय लावून दिली होती, आणि वर मला हायसं वाटलं!

त्याच मॅटवरून ती पडली. पहाटेची वेळ. उठताना बेसिनचा आधार घेतला असेल, साबणाच्या पाण्यावर मॅट सरकली असेल. धप्प आवाज आला आणि मग फक्त नळाचा आवाज. आम्ही दार ढकललं तर ती भिंतीला टेकून अर्धवट पडलेली, चेहरा पांढरा. म्हणाली, "खुबा गेला. मला हलवू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा." स्वतःच्या पडण्यातही ती नर्सच होती.

हॉस्पिटलात एका मलय नर्सनं विचारलं, "आंटी, फ्लोअर वेट आह?" आईला तिचं बोलणं समजलं नसावं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "येस. वेट फ्लोअर." नितीनलाही मी तेच सांगितलं, फरशी ओली होती म्हणून. तो बिचारा त्या दिवसापासून बाथरूम पुसत राहिला, जणू चूक त्याचीच.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालतील, काठी घेऊन हिंडतील, पण जमिनीवर बसणं आणि गुडघ्यावर येणं आता नाही. मी ते आईला मराठीत सांगितलं. तिला माझ्याआधीच ठाऊक होतं. तिनं मान हलवली आणि छताकडे पाहिलं. तेव्हाच मी तिचे पाय धरायला हवे होते. मी तिची उशी सारखी केली.

तुम्हाला वाटत असेल, हेच ते. नाही. हे निदान कुणाला तरी कधीतरी सांगता आलं असतं. अजून एक आहे.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी तिच्याजवळ एकटी होते. ईशान नितीनकडे होता. वॉर्डातल्या इतर बायका डुलक्या घेत होत्या. आई म्हणाली, "करुणा, मला आता टेकता येत नाही. तू टेक. मी बोलते."

तिनं याआधी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी चप्पल बाजूला सारली आणि पलंगाच्या कडेशी गुडघे टेकले. कॉलेज सुटल्यापासून टेकले नव्हते. फरशी गार होती, औषधाचा वास होता. आईनं सलाईनची सुई नसलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. आणि मला रडू फुटलं हो. इतक्या वर्षांत मला असं कुठेच वाटलं नव्हतं — की आता लपायला नको, आता पळायचं नाही, आता बरं. मी अगदी खरं सांगतेय, त्या क्षणी मी माझ्या आईची झाले होते. ती म्हणायला लागली, "हे दयाळू बापा, ही माझी लेक —"

"करुणा? अगं, कुठे आहेस? काकू, कशा आहात?"

मेधावहिनी. हातात डबा आणि थर्मास.

मी आईच्या हाताखालून डोकं काढून घेतलं. तिचा हात तसाच वर राहिला. मी जमिनीवर हात फिरवायला लागले आणि म्हटलं, "माझं कानातलं पडलं हो वहिनी, इथेच कुठेतरी."

माझे डोळे ओले होते. तिला वाटलं, कानातल्यासाठीच. "थांब, रडू नकोस, सापडेल." डबा टेबलावर ठेवून तीसुद्धा खाली आली. दुखऱ्या गुडघ्यांवर. पलंगाखाली वाकून, गाल जवळजवळ फरशीला लावून शोधायला लागली. सोन्याचं होतं का, कधी घेतलेलं, असं विचारत होती. आणि मीही शोधत होते. आम्ही दोघी गुडघ्यांवर, आईच्या पलंगाभोवती, आणि आई वरून बघत होती.

माझ्या दोन्ही कानांत कानातली होती. मेधावहिनीला माझे केस आड येत होते. आईला ती दिसत होती.

बराच वेळ झाला तेव्हा आई मेधावहिनीला म्हणाली, "राहू द्या बाई. उठा आता, तुमचे गुडघे दुखतील. सापडायचं नाही ते." आणि तिनं हात पांघरुणात घेतला.

मेधावहिनीला खरं सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं? कदाचित हात जोडून शेजारी उभी राहिली असती. कदाचित नसती. मी तिच्यावर ती वेळच येऊ दिली नाही. पुढे ते लोक ऑस्ट्रेलियाला गेले. जाताना तिनं मला एक नवा कानातल्यांचा जोड दिला. मी तो घेतला.

आई काठी घेऊन चालायला लागल्यावर नगरला परतली. पुढे बरीच वर्षं जगली. खुर्चीत बसून प्रार्थना करायची, असं शेजारचे सांगायचे. फोनवर माझ्याशी सगळं बोलायची — ईशानचे दात, गल्लीतली भांडणं, देवळातल्या पाळकसाहेबांची बदली. व्यायामाचा आणि कानातल्याचा, त्या दोन दिवसांचा विषय कधी काढला नाही, आणि मला पुन्हा टेकायलाही सांगितलं नाही. मी सुट्टीत गेले की खुर्चीतल्या खुर्चीत डोळे मिटायची आणि मी स्वयंपाकघरात जायचे. तिनं बोलावलं नाही, मी गेले नाही. ती गेली तेव्हा मी विमानात होते.

आता घरात कुणी नसलं की कधी कधी मी पलंगाशी गुडघे टेकते. कोपरं गादीवर ठेवते. हे दयाळू बापा, म्हणते. ही माझी लेक, म्हणते.

त्यापुढे आई काय म्हणणार होती, मला माहीत नाही.